पेशंटला कुठे हलवायचं?

नांदेड आणि लातूर. दोन शहरांमधलं अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. पण माणूस आजारी पडला की दोघांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना! हॉस्पिटल डॉक्टर बघून ठरतं असं आपण धरून चालतो. मराठवाड्यात एक चक्कर मारली की कळतं, डॉक्टरच्या आधी रस्ता ठरलेला असतो.

पुण्या-मुंबईत पेशंट हॉस्पिटलात 'अॅडमिट' होतो. नांदेड-लातूरकडे त्याला 'हलवतात'. अप्पांना सोलापूरला हलवलं, मामींना हैदराबादला हलवलं, बाळाला रात्रीच हलवलं... हा शब्द इतका सर्रास वापरला जातो, की त्यात एक अख्खा प्रवास आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडी ठरवणं, डिझेलचे पैसे गोळा करणं, सोबत कोण जाणार, म्हशींची धार कोण काढणार, तिकडे उतरायचं कुणाकडे, हे सगळं त्या एका शब्दात असतं. आणि एवढं ठरेपर्यंत कोणत्या डॉक्टरला दाखवायचं हा प्रश्न मागेच पडलेला असतो.

तुमच्या ऑफिसमध्ये नांदेड-लातूरचा एक तरी असणारच. 'लातूर पॅटर्न'मधून आलेला इंजिनीअर, नाहीतर नांदेडच्या क्लासमध्ये दोन वर्षं घासून आलेली डॉक्टरीण. त्याला किंवा तिला विचारून बघा, घरी कुणाचं दुखलं-खुपलं तर कुठे नेता? उत्तरात हॉस्पिटलचं नाव क्वचितच येईल. आधी शहराचं नाव येईल. आणि ते शहर का, हे समजून घ्यायचं तर नकाशाबरोबर रेल्वेचं टाइमटेबलही उघडायला हवं.

नांदेड : गाडी हैदराबादकडे

हुजूर साहिब नांदेड स्टेशनवर उभं राहिलं की वाटतं, हे येण्याचं गाव आहे. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस येते, निळ्या-केशरी पगड्यांनी प्लॅटफॉर्म भरून जातो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचा शेवट इथे झाला. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची तीनशे वर्षं साजरी झाली तेव्हा शहराचे रस्ते-पूल पालटले. पण त्याच स्टेशनवर थोडं निरखून बघा. प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रेचं पिवळं पाकीट घेतलेली, चादरीची वळकटी बगलेत मारलेली माणसंही दिसतात. ही जाणारी माणसं.

कुठे? बरीचशी हैदराबादला. रस्त्याने साधारण पावणेतीनशे किलोमीटर, पाच-सहा तास. पुणे साडेचारशेच्या घरात. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे मराठवाड्याचं मुख्य शहर, तेही अडीचशेच्या वर. मग आपल्याच विभागाच्या राजधानीपेक्षा परराज्याची राजधानी जवळची का वाटते? किलोमीटर तर जवळपास सारखेच!

याचं उत्तर थोडं जुनं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मोठी कचेरी, मोठं कोर्ट, मोठं कॉलेज आणि मोठा दवाखाना म्हणजे हैदराबाद, ही आजोबांच्या पिढीची सवय. राज्य बदललं, रेल्वेची दिशा तीच राहिली. नांदेडचा रेल्वे विभाग २००३ मध्ये झाला तो दक्षिण मध्य रेल्वेत, आणि या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबाद. मनमाडहून निघालेली अजिंठा एक्सप्रेस रात्रीतून नांदेड ओलांडते आणि सकाळी हैदराबादेत पोचवते. झोपेत प्रवास, सकाळी ओपीडी! भाषेचंही टेन्शन नाही. नांदेडच्या माणसाला दखनी हिंदी सहज येते, त्यामुळे रिसेप्शनवर तो बावरत नाही. पंजागुट्ट्याचं 'निम्स', डोळ्यांसाठी १९८७ मध्ये सुरू झालेलं एल. व्ही. प्रसाद इन्स्टिट्यूट, ही नावं नांदेडच्या घराघरात अशी घेतली जातात जणू ती वजिराबादच्या पलीकडच्या गल्लीत आहेत.

बरं, नांदेडात डॉक्टर नाहीत असं समजू नका. इथे 'डॉक्टर लेन' नावाचा भागच आहे. पाट्यांवर पाट्या, खाली मेडिकल, शेजारी लॅब. सरकारी मेडिकल कॉलेज १९८८ पासून आहे. आजूबाजूच्या तालुक्यांसाठी नांदेड हेच मोठं ठिकाण. म्हणजे कंधारचा माणूस पेशंटला नांदेडला हलवतो आणि नांदेडचा माणूस हैदराबादला!

जिल्ह्याच्या कडेला गेलं तर हे गणित आणखी मजेशीर होतं. किनवटहून नांदेड सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आणि तेलंगणातलं आदिलाबाद त्याच्या निम्म्याहूनही कमी. धर्माबादला नांदेडपेक्षा निझामाबाद जवळ. सरकारी कागदावर हे सगळे नांदेड जिल्ह्याचे पेशंट. पण पोटात दुखायला लागल्यावर जिल्ह्याची हद्द कोण बघतो? काळीपिवळी जीप जिकडे आधी सुटेल तिकडे माणूस जातो.

लातूर : सोळा रस्ते, तीन वाटा

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोलाकार दुकानं. पहिल्यांदा आलेला माणूस एकदा तरी चुकीच्या रस्त्याला लागतो. पेशंटच्या बाबतीत मात्र लातूरकर चुकत नाही. त्याच्या डोक्यात तीन वाटा पक्क्या असतात. घाईचं असेल तर सोलापूर, पैसा आणि वेळ असेल तर पुणे, कॅन्सर असेल तर बार्शी नाहीतर मुंबई.

सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तिथे १९६३ मध्ये सुरू झालेलं मेडिकल कॉलेज आणि त्याचं 'सिव्हिल', शिवाय सहकारी तत्त्वावर चालणारं अश्विनी रुग्णालय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा जखमींनी भरलेल्या गाड्या लातूरबरोबर सोलापूरच्या दिशेनेही धावल्या. त्या वेळी लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं. ते आलं २००२ मध्ये. आज त्याला विलासराव देशमुखांचं नाव आहे. त्याआधीपासून अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय होतंच, १९७० च्या दशकातलं, आणि लातूरहून तासा-दीड तासाच्या रस्त्यावर.

रेल्वेच्या बाबतीत लातूर नांदेडच्या अगदी उलट. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. गाडी कुर्डुवाडीला जाते, तिथून पुणे-मुंबई. पूर्वी ही बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज होती. १९२७ मध्ये ती पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत पोचली आणि लातूर त्या काळच्या एका मोठ्या 'मेडिकल सिटी'ला जोडलं गेलं. मिरजेत वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून चालू होतं आणि लांबलांबून पेशंट तिथे यायचे. पुढे हा मार्ग ब्रॉडगेज झाला. एप्रिल २०१६ मध्ये याच मार्गाने मिरजेहून पाण्याची 'जलदूत' गाडी लातूरला आली, ती तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल.

लातूरकर मुंबईच्या रात्रीच्या गाडीबद्दल इतका हळवा का, हे यावरून लक्षात येईल. २०१७ मध्ये ही गाडी बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातुरात आंदोलन पेटलं. बाहेरच्यांना वाटलं, काय हा हट्ट! पण त्या गाडीत रिझर्वेशन मिळणं म्हणजे सकाळी टाटा हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहता येणं. बर्थ गेली की प्रायव्हेट ट्रॅव्हल्स किंवा भाड्याची गाडी, आणि तिचा खर्च वेगळाच.

उदगीर, निलंगा पट्ट्यात पुन्हा तिसरीच कथा. उदगीरहून लातूर आणि कर्नाटकातलं बिदर जवळपास सारख्याच अंतरावर. लातूरची ओढ आहे तशीच बिदरचीही. सोयरीक दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे, मग दवाखाना एकीकडेच कसा असेल?

जवळचं कुणाचं, लांबचं कुणाचं?

एडवर्ड जार्विस नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरने १८५० च्या सुमारास मनोरुग्णालयांचे आकडे तपासले. त्याला दिसलं, रुग्णालयापासून गाव जितकं लांब तितके तिथून येणारे पेशंट कमी. लांबच्या गावात आजारी माणसं कमी असतात असं थोडंच आहे! ती येत नाहीत, एवढंच. पुढे कितीतरी देशांत हेच दिसलं.

मराठवाड्यात मात्र याच्या जोडीला एक उलटी गोष्टही दिसते. ज्याच्याकडे गाडी आहे, हाताशी लाख-दोन लाख आहेत आणि पुण्यात भाचा आहे, तो जवळचं हॉस्पिटल ओलांडून लांब जातो. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो जवळच्या सरकारी दवाखान्यात जातो, तोही उशिरा. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन घरांना एकच हॉस्पिटल वेगवेगळ्या अंतरावर असतं.

उशिराचं हे कोडं १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बायकांनी बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल लिहिताना छान उलगडलं. त्यांनी तीन उशीर सांगितले. पहिला, जायचं की नाही हे ठरवण्यातला. दुसरा, रस्त्यातला. तिसरा, पोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. त्यांचं म्हणणं असं की लांबचा रस्ता पहिल्या उशिरातही भर घालतो. जाणं अवघड आहे हे आधीच माहीत असतं, म्हणून माणूस ठरवायलाच वेळ लावतो. 'सकाळपर्यंत बघू' हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात बोललं गेलंय. पुण्यात सकाळपर्यंत बघितलं तर रिक्षा पाच मिनिटांवर असते. लोह्याच्या पुढच्या तांड्यावर ते वाक्य फार महाग पडू शकतं.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यात १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवसात आकडा आणखी वाढला, ४८ तासांत ३१. देशभर बातमी झाली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, बदल्या, यावर आरोप-प्रत्यारोप झाले. रुग्णालयाच्या बाजूने जे सांगितलं गेलं त्यात एक मुद्दा अंतराचा होता. ७०-८० किलोमीटरच्या टापूत एवढ्या वरच्या दर्जाचं हे एकच सरकारी हॉस्पिटल, आणि लांबून आलेले बरेच पेशंट शेवटच्या घटकेला पोचलेले.

या मुद्द्याने रुग्णालयाची जबाबदारी संपत नाही. औषध हवं ते हवंच. पण मुद्दा खोटाही नाही. खासगी दवाखान्यात चार दिवस, पैसे संपले की 'मोठ्या दवाखान्यात न्या', मग गाडीची शोधाशोध, आणि मग विष्णुपुरी. अशा साखळीत शेवटच्या हॉस्पिटलच्या वाट्याला शेवटचे तासच येतात. सगळ्यांनी ओलांडून पुढे जायचं ठरवलेलं हॉस्पिटल आणि सगळ्यांनी शेवटी पाठवायचं ठरवलेलं हॉस्पिटल एकच असेल तर तिथे भार कसला पडत असेल, याचा विचार करा.

आणखी एक छोटी गोष्ट. हे हॉस्पिटल पूर्वी शहराच्या पोटात, वजिराबादला होतं. नंतर ते गोदावरीपलीकडे विष्णुपुरीच्या प्रशस्त आवारात गेलं. इमारत मोठी झाली, जागा मोकळी झाली. लोह्या-कंधारकडून येणाऱ्यांना ते शहराच्या अलीकडेच लागतं, त्यांची सोय झाली. भोकर-किनवटकडच्या माणसाला मात्र शहर ओलांडून, नदी ओलांडून पुढे जावं लागतं. स्टँडवर उतरल्यावर आणखी एक रिक्षा. कागदावर तोच जिल्हा, तेच हॉस्पिटल, पण एका बाजूचं अंतर घटलं आणि दुसऱ्या बाजूचं वाढलं.

तिकिटाचा हिशेब

आता जरा पैशांचं बोलू. हॉस्पिटलच्या बिलाबद्दल आपण खूप बोलतो. प्रवासाचा खर्च मात्र कुठल्याच पावतीवर दिसत नाही. पेशंटबरोबर एक माणूस, कधी दोन. त्यांचा रोज बुडतो. जेवण, लॉज, रिक्षा, फोनचं रिचार्ज. दहा दिवस मुक्काम झाला की हा खर्च औषधांच्या बिलाशी बरोबरी करायला लागतो.

सरकारी योजनांनी उपचाराचा भार बराच हलका केला, हे मान्य करायला हवं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात नांदेड होतं आणि सोलापूरही. लातूरला ती २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये, राज्यभर विस्तार झाला तेव्हा मिळाली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०२३ मध्ये सरकारने मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा आणि योजना सगळ्या कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय घेतला. या योजनेच्या पॅकेजमध्ये एक गंमतशीर तरतूद आहे. डिस्चार्जनंतर घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं भाडं. परतायचं! जायचं भाडं ज्याचं त्याने बघायचं. आणि खरी अडचण तर जाताना असते.

या योजनेमुळे नकाशाही थोडा बदलला. कार्ड चालतं ते योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलात, आणि ही यादी प्रामुख्याने महाराष्ट्रातली. त्यामुळे नांदेडच्या ज्या माणसाचे पाय सवयीने हैदराबादकडे वळायचे, तो आता संभाजीनगर किंवा सोलापूरचाही विचार करतो. एसटीचंही तसंच. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. नांदेडहून संभाजीनगरला जाणाऱ्या आजीबाईंना एक रुपया लागत नाही. हैदराबादच्या एसटीत बसल्या तर हद्दीपुढचं तिकीट काढावं लागतं. शंभर-दोनशे रुपयांचा हा फरक तुमच्या कॉफीच्या बिलात विरून जाईल. तिथे त्यावरून दिशा ठरू शकते.

आणि पोचल्यावर राहायचं कुठे? संभाजीनगरचं 'घाटी' हॉस्पिटल असो की विष्णुपुरी, आवारात झाडाखाली सतरंज्या पसरलेल्या दिसतात. तीच नातेवाइकांची वेटिंग रूम. नांदेडला एक मोठा आधार आहे, गुरुद्वाऱ्याचा लंगर. तिथे कुणी जात विचारत नाही आणि कामही विचारत नाही, येईल तो जेवतो. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये येणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. परक्या शहरात रात्री पाठ टेकायला जागा आहे एवढ्या माहितीवरही माणूस सहाशे किलोमीटर लांबचं हॉस्पिटल निवडतो, आणि तशी जागा नसली तर साठ किलोमीटरवरचं टाळतो.

आधी आजार बघा, मग नकाशा

मग नेमकं किती लांब जावं? ते आजारावर आहे. तीन प्रकार डोक्यात ठेवले तरी पुष्कळ.

पहिला प्रकार घड्याळाचा. हार्ट अटॅक, पक्षाघात, अपघात, अडलेलं बाळंतपण. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. नांदेडहून हैदराबादला पोचायला पाच-सहा तास लागतात. म्हणजे चांगल्या हॉस्पिटलच्या नादात चांगली वेळ रस्त्यातच संपली! अशा वेळी जवळच्या, सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात आधी जायचं, पेशंट सावरला की हलवायचं. १०८ ची अॅम्ब्युलन्स सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ती फुकट आहे, तिच्यात डॉक्टर असतो. शेजाऱ्याच्या स्कॉर्पिओत तो नसतो.

दुसरा प्रकार एकदाच करायच्या मोठ्या कामाचा. गुडघा बदलणं, अवघड ऑपरेशन, नेमकं निदान. इथे लांब जाणं समजू शकतं. एक फेरी, फार तर दोन. तिथला अनुभवी हात त्या फेरीचे पैसे वसूल करून देतो.

तिसरा प्रकार वारीचा. डायलिसिस आठवड्यातून दोनदा धरलं तरी वर्षाच्या १०४ फेऱ्या होतात. तीनदा म्हटलं तर १५६. रेडिएशन म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे. केमो बहुतेक वेळा दर तीन आठवड्यांनी. या आजारांत लोक पहिला उपचार मोठ्या शहरात घेतात, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला पैसा, रजा आणि अंगातली ताकद, तिन्ही संपतात. मग उपचार अर्ध्यावर सुटतो. इथे जवळच्या हॉस्पिटलात पूर्ण झालेला उपचार लांबच्या हॉस्पिटलातल्या अर्धवट उपचारापेक्षा बरा. डायलिसिससाठी २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि जिल्हा रुग्णालयांत केंद्रं आहेत. कॅन्सरसाठी संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे.

उलटा प्रवास

या सगळ्यात काही माणसांनी रस्ता उलटा धरला, त्यांच्याबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अपुरा राहील. १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी पुण्याहून लातूरला आले आणि त्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केलं. लातूर तेव्हा जिल्हाही नव्हतं, ते झालं १९८२ मध्ये. पेशंट पुण्याला नेण्याऐवजी डॉक्टरच लातूरला आले! २०१९ मध्ये डॉ. कुकड्यांना पद्मभूषण मिळालं. आज लातुरात एवढे स्पेशालिस्ट दिसतात, त्याची मुळं अशा पहिल्या पावलांत आहेत.

दुसरी गोष्ट बार्शीची. लातूर-कुर्डुवाडी मार्गावरचं हे तालुक्याचं गाव. इथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं आणि १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव फिरायची, बायकांशी बोलायची, कोणती लक्षणं दिसली तर यायचं ते समजावायची. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आता आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या होत्या. या बदलाला नवा हायवे लागला नाही. कुणीतरी दारात येऊन बोललं, आणि थॅडियस-मेन यांचा पहिला उशीर कमी झाला.

पुढे याच मंडळींनी टाटा हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत सव्वा लाखाहून अधिक बायकांचा मोठा अभ्यास केला. २००९ मध्ये तो जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभरात वाचला गेलेला हा अभ्यास लातूरच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या गावांत झाला!

रस्तेही बदलतायत. नागपूर-रत्नागिरी महामार्गामुळे नांदेड-लातूर-सोलापूर हा पट्टा पूर्वीपेक्षा जवळ आला. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-जालना वंदे भारत नांदेडपर्यंत जाते, ६१० किलोमीटर साडेनऊ तासांत. पण रस्ता चांगला झाला की डॉक्टर जवळ येतो की पेशंट आणखी लांब जातो? दोन्ही होतं. हायवेवरून लातूरचा पेशंट पुण्याला लवकर पोचतो, आणि लातूरच्या हॉस्पिटलात एक कठीण केस कमी होते, त्यामुळे तिथल्या डॉक्टरचा एक अनुभवही कमी होतो.

फोन येण्याआधी

आता तुमच्याबद्दल. हो, तुमच्याचबद्दल! नांदेड-लातूरच्या किती आई-वडिलांचं हॉस्पिटल पुण्यात असतं, याचं साधं कारण मुलगा किंवा मुलगी पुण्यात असते. डॉक्टर कोण हे नंतर ठरतं, आधी टू बीएचकेचा पत्ता ठरतो. यात गैर काही नाही, प्रेमच आहे. पण रात्री अकराला फोन आल्यावर 'इकडेच घेऊन या' हे आपण पटकन म्हणतो, तेव्हा तिकडच्या गाडीत आठ तास कोण बसणार आहे हे विसरतो.

तेव्हा पुढच्या दिवाळीत घरी गेलात की अर्धा तास काढा. फराळाच्या ताटाबरोबर एवढं करून ठेवा :

• घरापासून सर्वांत जवळ चोवीस तास सीटी स्कॅन, आयसीयू आणि रक्तपेढी कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा. फोन नंबर भिंतीवर लिहा. १०८ शेजाऱ्यालाही सांगून ठेवा.

• रेशनकार्ड, आधार आणि जुन्या रिपोर्टची एकच फाईल करा. तिचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा.

• कोणतं हॉस्पिटल फुले योजनेच्या यादीत आहे ते १५५३८८ वर आधीच विचारा. राज्याबाहेर जायचं ठरलं तर कार्ड चालेल की नाही, हे निघण्याआधी त्या हॉस्पिटलला विचारा.

• कॅन्सरच्या उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत पेशंटला पूर्ण, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. एसटीतही सवलत आहे. अनेकांना हे चौथ्या फेरीला कळतं.

• आणि पेशंटला पुण्याला आणलंच, तर डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा. टाके, ड्रेसिंग, पुढच्या तपासण्या लातुरात किंवा नांदेडात कुणाकडे करता येतील? तिथल्या डॉक्टरसाठी चार ओळींची चिठ्ठी मागून घ्या. पाच मिनिटांच्या ड्रेसिंगसाठी सत्तरीच्या माणसाने साडेचारशे किलोमीटर यायचं आणि साडेचारशे किलोमीटर जायचं, हे त्या चिठ्ठीने टळू शकतं.